प्लवक फोरॅमिनिफेरांच्या जीवाश्मांचे वंशक्रमानुसार वर्गीकरण कसे करावे

प्लवक फोरॅमिनिफेरा म्हणजे समुद्राच्या पाण्यात तरंगत जगणारे आणि कॅल्साइट या चुनखडीच्या खनिजाची कवचे बांधणारे सूक्ष्म एकपेशीय जीव. त्यांतील ऑर्बुलिना आणि ऑर्बुलिनॉइडीस यांची कवचे सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवली, तर नवख्या डोळ्याला ती एकाच कुळातली वाटतात. दोन्ही जवळजवळ चेंडूसारखी गोल असतात, दोन्हींमध्ये शेवटचा कक्ष, म्हणजे कवचाचा शेवटचा कप्पा, आधीच्या कक्षांना कवेत घेतो आणि दोन्हींच्या भिंतीवर एका मोठ्या मुखाऐवजी (कवचाच्या उघड्या तोंडाऐवजी) बारीक बारीक मुखे विखुरलेली दिसतात. मात्र ऑर्बुलिनॉइडीस बेकमनाय ही जाती मध्य इओसीनमध्ये, सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वी, ग्लोबिजेरिनाथेका या प्रजातीतून आली आणि थोड्याच काळात संपली. ऑर्बुलिना मध्य मायोसीनमध्ये, सुमारे १ कोटी ५० लाख वर्षांपूर्वी, ट्रायलोबेटस आणि प्रीऑर्बुलिना यांच्यामार्फत आली आणि आजही समुद्रात जगते आहे. दोघींच्या मध्ये अडीच कोटी वर्षांचे अंतर आहे आणि एकीचा दुसरीशी पूर्वज-वंशज असा संबंध नाही. केवळ गोल आहेत म्हणून या दोघींना एका कप्प्यात बसवणारे वर्गीकरण संग्रह लावून ठेवायला सोयीचे असेल, पण जीवसृष्टीच्या इतिहासाबद्दल ते चुकीची माहिती देते.

हे कवच कोणापासून आले, हा उत्क्रांतीनिष्ठ वर्गीकरणाचा पहिला प्रश्न असतो. ते कोणासारखे दिसते, हा त्यानंतरचा. या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची कार्यपद्धती पुढे मांडली आहे. शब्दांबाबत एक खुलासा आधीच करतो. या लेखात ‘जाती’ हा शब्द स्पीशीजसाठी, ‘प्रजाती’ हा जीनससाठी आणि ‘वंशरेषा’ हा शब्द पूर्वजापासून वंशजापर्यंत चालत आलेल्या पिढ्यांच्या अखंड साखळीसाठी वापरला आहे. हल्ली मराठीत ‘प्रजाती’ हा शब्द स्पीशीजसाठीही सर्रास येतो, त्यामुळे हे सांगून ठेवणे आवश्यक वाटले.

आकारावरून घराणे ठरवण्याची चूक या जीवांच्या बाबतीत फार जुनी आहे. फ्रेंच निसर्गअभ्यासक दॉर्बिन्यी यांनी १८२६ मध्ये फोरॅमिनिफेरांना नाव दिले, तेव्हा या जीवांच्या गुंडाळलेल्या, कप्प्याकप्प्यांच्या कवचावरून त्यांनी त्यांना नॉटिलससारख्या शीर्षपाद मृदुकाय प्राण्यांमध्ये घातले. हे एकपेशीय जीव आहेत, हे द्युजार्दां यांनी जिवंत नमुन्यांचे निरीक्षण करून १८३५ मध्ये दाखवले. सारख्या दिसणाऱ्या दोन रचना दोन वेगळ्या वाटांनी येऊ शकतात, हा धडा तेव्हाच मिळाला होता. पुढे या गटाच्या अंतर्गत वर्गीकरणात तो पुन्हा पुन्हा शिकावा लागला.

गाळाचा नमुना आणि त्याची धुलाई

एका थरातल्या एका कवचावरून वंशरेषा ठरत नाही. त्यामुळे कामाची सुरुवात अशा ठिकाणापासून करावी, जेथे गाळ दीर्घकाळ खंड न पडता साचत राहिला आहे आणि कवचे विरघळलेली नाहीत. १९६८ पासून चाललेल्या खोल समुद्रातील वेधन मोहिमांमुळे असे कोअर, म्हणजे तळातून वेधून काढलेले गाळाचे लांब दंडगोल, जगातल्या जवळजवळ सर्व महासागरांतून उपलब्ध आहेत, आणि प्लवक फोरॅमिनिफेरांचा जीवाश्म-इतिहास इतका सलग मिळतो त्याचे मोठे कारण तेच आहे. तळाची खोली आधी पाहावी, कारण फार खोल पाण्यात कॅल्साइट विरघळते. पातळ भिंतीची कवचे आधी नाहीशी होतात, जाड भिंतीची मागे उरतात, आणि उरलेला संच मूळ समूहाचे खोटे चित्र उभे करतो.

नमुने किती अंतराने घ्यावेत हे गाळ साचण्याच्या वेगावरून ठरवावे. खोल समुद्रात हा वेग बहुधा दर हजार वर्षांना एक ते तीन सेंटिमीटर इतका असतो, आणि तळावरचे बिळे करणारे प्राणी वरचा सुमारे दहा सेंटिमीटरचा थर सतत ढवळत असतात. वेग दोन सेंटिमीटर धरला, तर या ढवळण्यामुळे सुमारे पाच हजार वर्षांची कवचे एकमेकांत मिसळतात. त्यापेक्षा बारीक कालभेद शोधण्यासाठी नमुने अधिक जवळून घेण्यात श्रम वाया जातात. बहुतेक वंशरेषांसाठी काही हजार ते काही दहा हजार वर्षांचे अंतर पुरते, आणि बदल वेगाने होतो आहे असे दिसले तर त्या तुकड्यातून नंतर अधिक नमुने घ्यावेत.

धुलाईची पद्धत सरळ आहे. गाळ वाळवून वजन करावे, पाण्यात किंवा सोडियम हेक्झामेटाफॉस्फेटच्या सौम्य द्रावणात भिजत ठेवावा, मऊ झाला की ६३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळणीवर हलक्या धारेखाली धुवावा आणि उरलेला भाग कमी तापमानाच्या ओव्हनमध्ये सुकवावा. दोन नमुन्यांच्या मध्ये चाळणी मिथिलीन ब्लूच्या द्रावणात बुडवावी. मागच्या नमुन्यातले एखादे कवच जाळीत अडकून राहिले असेल तर ते निळे होते आणि पुढच्या नमुन्यात मिसळले तरी ओळखू येते. वंशरेषांच्या कामात ही सवय सोडू नये, कारण चुकीच्या थरात सापडलेले एकच कवच ‘पूर्वज इतका जुना आहे’ असा खोटा पुरावा ठरू शकते. त्याच कारणाने जुन्या खडकांतून झिजून आलेली, रंगाने किंवा जतनाने वेगळी दिसणारी कवचे बाजूला काढावीत. तेलविहिरीतील खडकाचा चुरा वापरत असाल तर वरच्या थरांतला माल खाली पडतो हे लक्षात ठेवून पहिल्या आगमनापेक्षा शेवटच्या अस्तित्वावर अधिक भर द्यावा.

पुराहवामानाच्या अभ्यासात १५० मायक्रॉनपेक्षा मोठी कवचे मोजण्याची प्रथा आहे. मोजणीसाठी ती सोयीची आहे, पण वंशरेषेच्या अभ्यासाला अपुरी पडते, कारण अनेक वंशरेषांच्या सुरुवातीची रूपे त्याहून लहान असतात. क्रिटेशसच्या शेवटी, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, जवळजवळ सगळ्या प्लवक जाती नष्ट झाल्या आणि त्यानंतर लगेच जी नवी रूपे उगवली ती इतकी लहान होती की जाड चाळणी वापरणाऱ्याला त्या थरांत जवळपास काहीच सापडत नाही. ६३ मायक्रॉनपर्यंतचा भाग जपून ठेवावा, निदान वंशरेषेच्या उगमाजवळच्या नमुन्यांचा तरी.

भिंत आधी, आकार नंतर

या कामाचा खरा कणा भिंतीच्या निरीक्षणात आहे. कवचाचा बाह्य आकार, कक्षांची संख्या, मुखाची जागा आणि कडेची धार ही लक्षणे जीवाच्या राहणीशी जवळून जोडलेली असतात, त्यामुळे ती वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे पुन्हा उगवतात. भिंतीची सूक्ष्म रचना मात्र कवच कसे बांधले जाते यातून येते आणि ती त्या मानाने फार हळू बदलते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रमवीक्षण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हाताशी आला आणि या गटाच्या वर्गीकरणाची पुनर्बांधणी सुरू झाली, ती याच कारणाने.

प्रथम छिद्रांचा आकार पाहावा. सूक्ष्मछिद्री गटात छिद्रे एक मायक्रॉनहून लहान असतात, स्थूलछिद्री गटात ती त्याहून स्पष्टपणे मोठी असतात. नूतनजीव महाकल्पातील (क्रिटेशसनंतरच्या, आजवरच्या काळातील) प्लवक फोरॅमिनिफेरांची ही मूलभूत विभागणी आहे आणि तिच्यामागे वंशाचा इतिहास आहे: क्रिटेशसच्या शेवटच्या विनाशातून वाचलेल्या ग्वेम्बेलिट्रिया या प्रजातीकडे सूक्ष्मछिद्री रूपांचा उगम जातो, तर हेडबर्गेलाच्या वाचलेल्या जातींपासून इओग्लोबिजेरिना, पॅरासबोटिना आणि प्रीम्युरिका यांच्यामार्फत स्थूलछिद्री वंश फुटत गेले. म्हणजे छिद्राच्या मापावरून आपण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या दोन वेगळ्या पूर्वजांपैकी एकाकडे वळतो.

त्यानंतर काट्यांचा प्रश्न येतो. काटेधारी वंशांत कॅल्साइटचे सुईसारखे काटे भिंतीत रोवलेले असतात. हे काटे जीवाश्मांत क्वचितच टिकतात. प्रजननाच्या वेळीच जीव ते टाकून देतो आणि उरलेले गाळात मोडतात. त्यामुळे ‘काटे दिसत नाहीत’ या निरीक्षणावर कवच बिनकाट्याचे ठरवू नये. काटे रोवलेल्या जागी गोल खळगी किंवा बुंधा उरतो आणि तो जाळीदार भिंतीच्या कडांवर, विशेषतः कडांच्या सांध्यावर, शोधावा. आयुष्याच्या शेवटी चढलेला कॅल्साइटचा जाड थर या खुणा झाकून टाकतो, म्हणून शक्य असल्यास एखादे कवच फोडून आतल्या, आधीच्या वेढ्यातील कक्षांची भिंत पाहावी. एक कवच गमावल्याची हळहळ वाटते, पण त्या एका तुटलेल्या कवचातून पन्नास अखंड कवचांपेक्षा अधिक कळते.

काट्यांशी ज्यांची गल्लत होते त्या म्युरिका ही वेगळी रचना आहे. पॅलिओसीन (क्रिटेशसनंतरचा लगेचचा काळ) आणि त्यापुढच्या इओसीनमधील अकॅरिनिना आणि मोरोझोव्हेला यांच्या भिंतीवर शंकूसारखे भरीव उंचवटे असतात. ते भिंतीच्या थरांनीच बनलेले असतात, बाहेरून रोवलेले नसतात. प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाखाली ते खरखरीत काट्यांसारखे दिसतात आणि त्यामुळे बराच काळ दिशाभूल झाली.

ही तपासणी करून झाल्यावरच आकाराकडे वळावे. याचे उत्तम उदाहरण म्हणजे कील, म्हणजे कवचाच्या कडेवरची धारेसारखी पट्टी. उत्तर क्रिटेशसमध्ये ग्लोबोट्रंकॅनाला ती होती. तो सगळा वंश नष्ट झाला. पॅलिओसीनमध्ये मोरोझोव्हेलाला ती पुन्हा मिळाली आणि निओजीनमध्ये (मायोसीनपासून पुढच्या काळात) ग्लोबोरोटॅलियाला तिसऱ्यांदा. ही पुनरावृत्ती एवढ्यावर थांबत नाही. मध्य इओसीनमधील काही कीलधारी, म्युरिकाधारी जाती पूर्वी मोरोझोव्हेलामध्येच धरल्या जात. त्या अकॅरिनिनापासून स्वतंत्रपणे आल्या असे स्पष्ट झाल्यावर २००६ मध्ये त्यांना मोरोझोव्हेलॉइडीस हे वेगळे प्रजातिनाम देण्यात आले. येथे भिंतीचा प्रकार ढोबळमानाने सारखा होता, तरी कालक्रम आणि मधली रूपे पाहिल्यावर वेगळा उगम दिसला. भिंत पहिला साक्षीदार आहे, एकमेव नाही.

एकाच कवचात साठलेले बालपण

फोरॅमिनिफेरांचे मोठे वैशिष्ट्य असे की जीव वाढताना जुने कक्ष टाकून देत नाही, तर त्यांच्यापुढे नवे कक्ष बांधत जातो. त्यामुळे प्रौढ कवचाच्या आत त्याची सगळी वाढ जशीच्या तशी साठलेली असते. वंशसंबंध ठरवताना ही नोंद वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. ऑर्बुलिनाचा गोल फोडल्यास आत लहान सर्पिल कवच सापडते. त्याचे कक्ष ट्रायलोबेटसच्या घडणीचे असतात आणि तिचा पूर्वज कोण याची साक्ष तेथेच मिळते.

या साक्षीचा अतिरेकही होऊ देऊ नये. अनेक जातींच्या बालरूपांत परस्पर साम्य असते, आणि ते जवळच्या नात्यामुळे आहे की सगळ्याच लहान कवचांना तशाच गुंडाळीतून जावे लागते म्हणून आहे, हे प्रत्येक ठिकाणी तपासावे लागते. दुसरे असे की लहान चाळणीतल्या प्रत्येक वेगळ्या दिसणाऱ्या कवचाला जातीचे नाव देण्याचा मोह होतो. त्यातली बरीच मोठ्या जातींची पिल्ले असतात. एकाच नमुन्यातली कवचे आकारमानानुसार ओळीने मांडून पाहिली की कोणते रूप कोणात वाढत जाते ते बहुधा उघड होते.

थरांच्या क्रमाने मांडणी

आता प्रत्यक्ष वंशरेषा उभारण्याची पाळी येते. प्रत्येक थरातून त्या गटाची निदान पन्नास कवचे वेचावीत, आणि वेचताना देखणी किंवा ‘नमुनेदार’ कवचे निवडू नयेत. तबकातील ठरावीक चौकोनांत येतील ती सर्व घ्यावीत. प्रत्येक कवच तीन बाजूंनी पाहावे: सर्पिल बाजू (जिच्यावर सगळे वेढे दिसतात), नाभीची बाजू (तिच्या उलटी, मध्ये खळगा असलेली) आणि कडेची बाजू. कक्षांची संख्या, कडेचा कोन, उंची आणि रुंदीचे प्रमाण, मुखाची जागा यांतली जी लक्षणे बदलताना दिसतात ती मोजावीत आणि मोजमापांचे वितरण थरामागून थर असे खालून वर मांडावे.

या मांडणीत तीन प्रकारची चित्रे दिसतात. पहिल्यात एकाच उंचवट्याचे (आलेखात एकच शिखर असलेले) वितरण हळूहळू एका बाजूला सरकत जाते. येथे एक वंशरेषा बदलते आहे, फुटत नाही. दुसऱ्यात एका उंचवट्याचे दोन होतात आणि दोन्ही पुढे वेगवेगळे टिकतात. येथे वंशरेषा फुटली. तिसऱ्यात एक रूप अचानक जाते आणि दुसरे येते. या तिसऱ्या चित्रावर सर्वांत जास्त संशय घ्यावा. तेथे गाळाच्या नोंदीत खंड असू शकतो, आणि तो आहे का हे चुंबकीय स्तरक्रम (थरांत नोंदलेला पृथ्वीच्या चुंबकीय उलटापालटींचा क्रम), ऑक्सिजन समस्थानिके किंवा चुनखडी नॅनोजीवाश्म (अतिसूक्ष्म शैवालांचे अवशेष) यांवरून पडताळावे. शिवाय नवे रूप दुसऱ्या समुद्रातून आलेलेही असू शकते. पुलेनियाटिना ही प्रजाती अटलांटिकमधून सुमारे ३४ लाख वर्षांपूर्वी नाहीशी झाली आणि सुमारे २३ लाख वर्षांपूर्वी पुन्हा आली. दरम्यान ती हिंद आणि प्रशांत महासागरांत जगतच होती. केवळ अटलांटिकचा एक कोअर पाहणाऱ्याला तो विनाश आणि नवा उगम वाटला असता. म्हणून एका कोअरवर आधारलेला कोणताही पूर्वज-वंशज दावा दुसऱ्या खोऱ्यातील कोअरवर तपासल्याशिवाय पक्का मानू नये.

ग्लोबोरोटॅलिया ट्युमिडाच्या वंशरेषेचा अभ्यास हा या पद्धतीचा आदर्श मानावा असे मला वाटते. माल्मग्रेन, बर्गग्रेन आणि लोमन यांनी हिंद महासागरातील २१४ क्रमांकाच्या वेधनस्थळावरील कवचांची बाह्यरेषा मोजून १९८३ मध्ये दाखवले की ग्लोबोरोटॅलिया प्लेसिओट्युमिडापासून ट्युमिडाकडे झालेला बहुतेक बदल मायोसीनच्या अखेरीस आणि प्लायोसीनच्या आरंभी सुमारे सहा लाख वर्षांत घडला, त्याच्या आधी आणि नंतर फारसा बदल नव्हता, आणि या सगळ्यात वंशरेषा फुटलीच नाही. बदल वेगाने झाला, तरी तो एकाच समूहात पायरी पायरीने झाला. मोजमापे नसती तर ही गोष्ट ‘एक जाती संपली, दुसरी आली’ अशीच लिहिली गेली असती.

काही वेळा मधली रूपे सापडेपर्यंत थांबावे लागते. इओसीनमधील हँटकेनिना तिच्या कक्षांवरच्या पोकळ, लांब शिंगांमुळे लगेच ओळखू येते. तिचा पूर्वज बराच काळ स्यूडोहॅस्टिजेरिना समजला जात होता, कारण दोघींची गुंडाळी एकाच पातळीत असते. नंतर गदेसारखे लांबट कक्ष असलेल्या क्लॅव्हिजेरिनेलाकडे लक्ष वळले, आणि ऑस्ट्रिया व टांझानियातील थरांतून अशी रूपे मिळाली, ज्यांत लांबट कक्षाचे टोक निमुळते होत शिंगाकडे झुकताना दिसते. मधल्या कवचांनी लावलेला हा निकाल गुंडाळीच्या साम्यापेक्षा किती तरी अधिक भरवशाचा आहे.

अखंड रेषा कोठे कापावी

न फुटणारी वंशरेषा बदलत गेली, तर तिच्यात किती जाती मानायच्या, या प्रश्नावर अभ्यासकांत मतभेद आहेत आणि ते राहतील. मध्य मायोसीनमधील फोहसेला ही प्रजाती घ्या. तिच्यात कडेने गोलसर असलेल्या पेरिफेरोरोंडापासून टोकदार कडेच्या पेरिफेरोॲक्युटापर्यंत आणि तेथून कीलधारी फोहसीपर्यंत सलग प्रवास दिसतो. बोल्ली यांनी १९५० च्या दशकात त्रिनिदादमधील थरांवर ही मालिका मांडली आणि तिच्या टप्प्यांवर स्तरक्रमाचे विभाग उभे राहिले. कालमापनासाठी हे तुकडे अतिशय मोलाचे आहेत. तरीही पेरिफेरोॲक्युटाचे ‘नामशेष होणे’ हे खऱ्या अर्थाने नामशेष होणे नव्हे. ती फोहसी झाली.

यावर मला पटणारा मार्ग असा आहे की दोन हिशेब वेगळे ठेवावेत. रूपजाती, म्हणजे आकारावरून ओळखता येणारे टप्पे, त्यांच्या नावांनी तशाच नोंदवाव्यात, कारण स्तरक्रमासाठी त्यांची गरज आहे. त्यांच्या जोडीला वंशरेषांचा स्वतंत्र वृक्ष काढावा, ज्यात न फुटलेली रेषा कितीही बदलली तरी एकच धरावी आणि फक्त फाट्यापाशी व खऱ्या शेवटापाशी नवी नोंद करावी. एझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये नूतनजीव महाकल्पातील स्थूलछिद्री जातींचा संपूर्ण वंशवृक्ष असाच दोन रूपांत प्रसिद्ध केला. जाती निर्माण होण्याचा किंवा नष्ट होण्याचा दर काढायचा असेल तर दुसरा वृक्षच वापरावा. पहिल्यावरून काढलेल्या दरात नामांतरेही मृत्यू म्हणून मोजली जातात.

रूपजातीची सीमा ठरवताना एखादे कवच दोन नावांच्या मध्ये पडले तर त्याची चिंता करू नये. सलग वंशरेषेत तसे पडणारच. संपूर्ण समूहाकडे पाहून, त्यातील बहुसंख्य कवचे ज्या टप्प्याची आहेत ते नाव द्यावे आणि मधल्या कवचांची टक्केवारी नोंदवावी. ‘सी.एफ.’ आणि ‘ॲफ.’ ही संदिग्धता दाखवणारी चिन्हे अशा ठिकाणी मोकळेपणाने वापरावीत. खोटी निश्चिती पुढच्या अभ्यासकाला अडचणीत टाकते.

प्रजातीची व्याप्ती

प्रजातीत काय असावे याबद्दल नियम असा ठेवावा की वेगवेगळ्या पूर्वजांपासून आलेल्या जाती एका प्रजातीत कधीही ठेवू नयेत. उलट, एखाद्या प्रजातीतून तिचे काही वंशज नव्या प्रजातीत निघून गेले आणि मागे पूर्वज उरले, तर त्याला हरकत घेऊ नये. प्रीम्युरिका ही अशी मागे उरलेली प्रजाती आहे. तिच्यातून म्युरिकाधारी वंश निघाला. केवळ फाट्यांवर आधारलेल्या, पूर्वज आणि त्याचे सगळे वंशज एकाच गटात हवेत असे मानणाऱ्या काटेकोर पद्धतीला हे मान्य नाही, पण जेथे पूर्वज प्रत्यक्ष हातात आहेत अशा जीवाश्म-नोंदीत पूर्वजांना नाव नाकारणे मला योग्य वाटत नाही.

पहिला नियम मोडल्याचे ठळक उदाहरण ग्लोबिजेरिनॉइडीसचे आहे. सर्पिल बाजूला जादा मुखे असलेल्या जाती या एका नावाखाली अनेक दशके राहिल्या. जीवाश्मांतील वंशक्रम आणि जिवंत जातींचे जनुकीय नाते या दोन्हींवरून ती मुखे एकापेक्षा अधिक वेळा स्वतंत्रपणे आली असे दिसल्यावर, २०१५ मध्ये सॅक्युलिफर जातीचा गट ट्रायलोबेटस या नव्या प्रजातीत हलवण्यात आला. जुने नाव रुबर गटाकडे राहिले, कारण रुबर ही ग्लोबिजेरिनॉइडीसची प्रकार-जाती, म्हणजे त्या नावाची आधारभूत जाती, आहे. प्रजातीचे नाव नेहमी प्रकार-जातीबरोबर जाते. गट फोडताना हा नियम विसरला तर पुढे सगळीच नावे हलवावी लागतात.

जातीच्या नावाबाबतही हीच शिस्त पाळावी. नाव होलोटाइपला, म्हणजे मूळ वर्णनातील त्या एका ठरवलेल्या नमुन्याला, बांधलेले असते, पुढे कोणी काढलेल्या सुंदर छायाचित्राला नव्हे. जुन्या वर्णनांतील रेखाटने पुष्कळदा अपुरी असतात, म्हणून होलोटाइपची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालची चित्रे शोधावीत. पॅलिओसीन, इओसीन आणि ऑलिगोसीनच्या ॲटलासांत आणि मायक्रोटॅक्स या संकेतस्थळावर ती बऱ्याच जातींसाठी मिळतात.

जिवंत जातींची साक्ष

आज समुद्रात प्लवक फोरॅमिनिफेरांच्या सुमारे ५० रूपजाती आहेत आणि त्यांच्या जनुकीय अभ्यासाने दोन दिशांनी सावध केले आहे. काही ठिकाणी एका रूपात अनेक वंश दडलेले असतात: ग्लोबिजेरिना बुलॉइडीसमध्ये स्पष्टपणे वेगळे असे अनेक जनुकीय प्रकार आहेत. उलट ट्रायलोबेटस सॅक्युलिफरमध्ये शेवटच्या कक्षाच्या आकारावरून वेगळी नावे दिलेली रूपे जनुकीयदृष्ट्या एकच निघाली. निओग्लोबोक्वाड्रिना पॅकिडर्माची डावी आणि उजवी गुंडाळी हा तापमानाचा परिणाम समजला जात असे. २००६ मध्ये त्या दोन वेगळ्या जाती मानून उजवीला इन्कॉम्प्टा हे नाव देण्यात आले. गुंडाळीची दिशा म्हणूनच प्रत्येक नमुन्यात मोजावी, ती निरुपयोगी वाटली तरीही.

जीवाश्मांतून जनुके मिळत नाहीत, त्यामुळे ही साक्ष आजच्या जातींपासून मागे जितकी नेता येते तितकीच न्यावी. जेथे जनुकीय वृक्ष आणि थरांतील क्रम यांत विरोध दिसेल, तेथे आधी आपल्या ओळखी तपासाव्यात आणि मगच कोणत्याही एका बाजूला झुकावे. कवचातील कार्बन आणि ऑक्सिजन समस्थानिकांवरून जीव किती खोलीवर राहत होता, त्याच्यात सहजीवी शैवाल होते का, हेही समजते. दोन सारखी दिसणारी रूपे एकाच थरात वेगळ्या खोलीवर राहत होती असे निघाले, तर त्या दोन वेगळ्या वंशरेषा असण्याची शक्यता पुष्कळ वाढते. पण राहणीचे साम्य हा नात्याचा पुरावा कधीही मानू नये.

वृक्ष काढताना

शेवटी वंशवृक्ष काढताना काळ उभ्या अक्षावर ठेवावा आणि प्रत्येक रेषेची लांबी प्रत्यक्ष सापडलेल्या पहिल्या आणि शेवटच्या कवचाइतकीच ठेवावी. ज्या जोडणीसाठी मधली रूपे थरांत सापडली आहेत ती सलग रेषेने दाखवावी. जी केवळ भिंतीच्या किंवा आकाराच्या साम्यावर सुचली आहे ती तुटक रेषेने. आणि जेथे पूर्वज ठरवता येत नाही तेथे रेषा खालून मोकळी सोडावी. प्रत्येक फाट्याशेजारी कोणत्या कोअरमधील कोणत्या खोलीवरच्या नमुन्यावर तो आधारलेला आहे हे लिहावे आणि ती कवचे क्रमांक देऊन स्लाइडवर चिकटवून जपून ठेवावीत, म्हणजे उद्या कोणाला त्या फाट्यावर शंका आली तर त्याला नेमकी तीच कवचे पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घेता येतील.